चुना, पिवडी, नीळ : ठाण्यातल्या जुन्या घरांच्या रंगांची पार्श्वभूमी

जुन्या घराची दुरुस्ती संपत आली की रंगाचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा शेड कार्ड उघडून दहा मिनिटांत मिटतो. ‘हेरिटेज’ म्हणून विकली जाणारी पिवळट किंवा विटकरी छटा ठरते. घर १८८० चं असो की १९४० चं, छटा तीच. खरं तर घराचं वय आणि भिंतीचा माल पाहिला की निम्मे रंग आपोआप बाद होतात.

चरई, उथळसर, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा किंवा खाडीपलीकडे नवी मुंबईतली बेलापूर, दिवाळे यांसारखी गावठाणं. इथल्या सिमेंटच्या आधीच्या भिंतींचा गिलावा चुन्याचा किंवा मातीचा आणि वर चुनकाम. किनाऱ्यालगत शिंपले भाजूनही चुना करत. पाण्यात विरवलेला चुना भिंतीवर सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या थरात पकडून ठेवतो. मात्र ओला चुना तीव्र अल्कली असतो. त्यात तग धरणारे रंग मोजकेच: गेरू (लाल माती), पिवडी (पिवळी माती), काजळी, हिरवी माती. म्हणून जुन्या चुनकामाच्या छटा पांढऱ्या, पिवळसर, फिकट विटकरी किंवा राखाडी असतात, आणि फिक्याच असतात. चुन्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त रंग घातला तर तो धरला जात नाही, हाताला लागतो.

निळ्याबाबत जास्त गफलत होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेला प्रशियन ब्लू चुन्यात टिकत नाही, तपकिरी पडतो. वनस्पतीची नीळ उन्हात विटते. कृत्रिम अल्ट्रामरीन हा निळा १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तयार झाला. तो चुन्यात टिकतो आणि पुढे स्वस्तही झाला. कपड्यांच्या निळीत वापरला गेला तोही हाच. गडद निळं चुनकाम त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या घरांना शोभतं. पांढऱ्या चुन्याचा पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ घालण्याची पद्धतही इथं होती. क्रोम यलो हा त्याच शतकातला, पण चुन्यात तो नारिंगीकडे झुकतो. त्याची जागा लाकडावर, तेलात.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल इथं आणणं सोपं झालं. खिडक्या-दारांवर जवसाच्या तेलातला रंग चढला: खाली शेंदूर, वर सफेदा (शिशाचा पांढरा) किंवा हिरवा. दोन्हींत शिसं. आज सगळं सागवान खरवडून पॉलिश करण्याची हौस आहे; पण ज्या चौकटीच्या खाचांत हिरव्या तेलरंगाचे थर सापडतात, ती मुळात झाकलेलीच होती. तिला पॉलिश करणं हा आजचा शौक झाला, जीर्णोद्धार नव्हे.

विसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या आसपास बाजारात आला. त्याआधीचा पांढरा डोळ्यांवर येत नसे. आजचा ‘ब्रिलियंट व्हाइट’ जुन्या घरावर उपरा दिसतो तो यामुळे. थॅलो हा कृत्रिम निळा १९३५ चा, थॅलो हिरवा त्यानंतरचा. ते झगझगीत मोरपिशी रंग त्याआधीच्या घराला लावू नयेत. मग डिस्टेंपर (खडूच्या पुडीचा, पाण्यात कालवलेला रंग) आणि सिमेंट पेंट आले. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली. पिस्ता, गुलाबी, आकाशी डिस्टेंपर हाही आता इतिहासच आहे. घराचे कठडे, फरशी, जाळ्या १९४५ च्या असतील तर भिंतही १९४५ ची करावी. सर्वांत खालचा थर म्हणजेच खरा, असा हट्ट नको.

थर शोधायचे ते ऊन-पाऊस न लागलेल्या जागी: कपाटामागे, बिजागरीखाली, विजेच्या पट्टीमागे. धारदार पात्यानं एकेक थर सेंटिमीटरभर उघडा ठेवत पायऱ्या काढाव्यात, २२० आणि मग ४०० नंबरच्या पाणपेपरनं हलकेच ओलं घासावं आणि दहापट भिंगातून दिवसाउजेडी पाहावं. तेलरंग अंधारात पिवळा पडतो, म्हणून उघडा केलेला थर काही दिवस उजेडात ठेवून मगच छटा जुळवावी. गरम पाण्याच्या फडक्यानं रंग सुटला तर साधा डिस्टेंपर. चुनकाम तसं विरघळत नाही. व्हिनेगरनं दोन्ही फसफसू शकतात, त्यामुळे त्या चाचणीवर विसंबू नये. निळ्यावर मात्र चुन्याच्या निवळीचा (चुना खाली बसल्यावर वर राहिलेल्या स्वच्छ पाण्याचा) थेंब टाकून पाहावा: तपकिरी झाला तर प्रशियन.

जुना तेलरंग कोरडा घासू नये, ज्योतीनं जाळूही नये. शिशाची धूळ आणि वाफ दोन्ही घातक. ओलं करून खरवडावं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्या खोलीपासून दूर ठेवावं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू आहे, म्हणजे त्याआधीचा कुठलाही थर संशयित.

चुन्याच्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून प्लास्टिक पेंट मारला की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तक्रार येते. जुन्या घरांत पायाखाली ओल अडवणारा थर नसतो; ओल भिंतीत चढते, रंगामुळे बाहेर पडू शकत नाही आणि आत साठलेला लोणा (क्षार) पोपडे उडवतो. दोष कारागिराचा नसतो, मालाचा असतो.

चुनकामच करायचं तर कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. उकळी फुटते, डोळ्यांवर चष्मा हवा. किमान तीन आठवडे मुरवून, एक भाग चुन्याला दोन-तीन भाग पाणी घालून दुधाइतका पातळ करावा आणि गाळावा. रंग आधी पाण्यात कालवून घालावा, सगळ्या खोलीचा एकदमच. भिंत ओली करून चार-पाच पातळ हात मारावेत, प्रत्येक हातामध्ये एक दिवस ठेवून. जाड हात तडकतो, कडक उन्हातला भुकटी होतो. काम दिवाळीनंतर घेतलेलं बरं. ओला चुना बराच गडद दिसतो, तेव्हा दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना पूर्ण सुकल्यावर, सकाळी आणि संध्याकाळी पाहूनच छटा ठरवावी.