स्कॅरब (एलिट डेंजरसमधील भूपृष्ठ वाहन)

स्कॅरब हे ‘एलिट डेंजरस’ या अवकाश-सिम्युलेशन गेममधले सहा चाकांचे छोटे वाहन. खेळाडूंच्या बोलण्यात ते बहुतेक वेळा ‘एसआरव्ही’ (सरफेस रिकॉनिसन्स व्हेइकल, म्हणजे भूपृष्ठावर टेहळणी करणारे वाहन) असते. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स कंपनीने मूळ गेम डिसेंबर 2014 मध्ये आणला आणि 15 डिसेंबर 2015 रोजी ‘होरायझन्स’ या विस्तारासोबत स्कॅरब आले. जहाजाच्या पोटातून ते ग्रहाच्या जमिनीवर उतरते. खडक फोडून मूलद्रव्ये गोळा करणे, कोसळलेली याने आणि ओसाड वसाहती धुंडाळणे, परग्रहीयांच्या अवशेषांचा अभ्यास करणे आणि गरज पडली तर पहारेकरी ड्रोनशी लढणे ही त्याची कामे. जहाजांच्या तुलनेत ते फारच मंद, दुबळे आणि स्वस्त आहे. तरीही ग्रह केवढा आहे, तिथे वजन किती भरते आणि जमीन कशी आहे, याची खरी जाणीव या वाहनाच्या चाकांमधूनच होते. एलिटमधल्या सगळ्या यंत्रांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेले यंत्र म्हणून स्कॅरबचेच नाव घ्यावे लागेल.

पार्श्वभूमी

डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांचा पहिला ‘एलिट’ 1984 चा. त्यात ग्रह म्हणजे पडद्यावरचे एक वर्तुळ होते. व्यापार चालायचा तो कक्षेतल्या स्थानकावर. 1993 च्या ‘फ्रंटियर: एलिट 2’ मध्ये ग्रहावर जहाज उतरवता येऊ लागले, पण उतरल्यावर जमिनीवर फिरायची सोय नव्हती. 2014 च्या गेममध्ये सुमारे 400 अब्ज तारामंडळांची अख्खी आकाशगंगा खऱ्या प्रमाणात उभी केली होती, मात्र पहिले वर्षभर तिच्यातल्या कोणत्याही ग्रहाला स्पर्श करता येत नव्हता. होरायझन्सने वातावरण नसलेल्या खडकाळ आणि बर्फाळ ग्रहांवर उतरण्याची मुभा दिली. ऑक्टोबर 2020 मध्ये हा विस्तार मूळ गेम असलेल्या सर्वांना मोफत मिळाला.

इतक्या अफाट जगाला चाकांच्या गाडीची गरज का पडावी? जहाजातून पाहिलेली दरी काही सेकंदांत मागे पडते. हजार मीटरचा कडा आणि दहा मीटरचा उंचवटा यांत वैमानिकाला फारसा फरक जाणवत नाही, कारण दोन्ही त्याच्या खालून सरकतात. गाडीत बसल्यावर तोच दहा मीटरचा उंचवटा वाट अडवतो. 1,000 किलोमीटर त्रिज्येच्या, म्हणजे आपल्या चंद्राहूनही बऱ्याच लहान ग्रहाचा घेर सुमारे 6,280 किलोमीटर भरतो. सेकंदाला 30 मीटर हा वेग कुठेही न थांबता राखला, तरी त्या ग्रहाच्या एका फेरीला जवळपास 58 तास लागतील. आकडा माहीत असणे वेगळे आणि तासभर गाडी हाकूनही क्षितिजावरचा डोंगर तसूभर जवळ न आल्याचे पाहणे वेगळे. हा दुसरा अनुभव स्कॅरब देते.

उतरणे आणि परतणे

वाहन नेण्यासाठी जहाजात हँगर बसवावा लागतो. दुसऱ्या श्रेणीच्या हँगरमध्ये एक वाहन मावते, चौथ्या श्रेणीच्या हँगरमध्ये दोन, तर सहाव्या श्रेणीच्या हँगरमध्ये चार. नवख्या खेळाडूला मिळणाऱ्या साइडवाइंडरमध्येही सर्वांत लहान हँगर बसतो. त्यामुळे ही सोय श्रीमंत खेळाडूंपुरती उरली नाही, आणि हा निर्णय मोलाचा ठरला.

जहाज सपाट जागी टेकवायचे, वाहन खाली सोडायचे आणि निघायचे. वाहन साधारण दोन किलोमीटरपलीकडे गेले की जहाज आपोआप उडून जाते. परत बोलावले की ते जवळपास सपाट जागा शोधून उतरते. डोंगराळ भागात अशी जागा मिळत नाही आणि चालकाला मैदानापर्यंत खाली यावे लागते. त्यामुळे कड्यांच्या प्रदेशात शिरताना परतीचा विचार आधी करावा लागतो. अपोलो मोहिमांतही हाच हिशेब होता. चंद्रावरची मोटारगाडी बंद पडली तर अंतराळवीरांना पायी परतता आले पाहिजे, या अटीने तिचा पल्ला ठरे. अपोलो 17 ची गाडी तीन दिवसांत एकूण सुमारे 36 किलोमीटर धावली, पण ती चांद्रयानापासून जास्तीत जास्त 7.6 किलोमीटरच दूर गेली. वाहन नष्ट झाले तर गेममध्ये खेळाडू थेट जहाजात परततो, म्हणजे इथे चुकीची किंमत हलकी आहे. मात्र वाहनात गोळा केलेला माल जातो, आणि अनोळखी मुलुखात हँगरमधले एकमेव वाहन गमावले की उरलेला प्रवास त्याच्याविनाच करावा लागतो.

गुरुत्वाकर्षण

स्कॅरब चालवण्याचे सगळे कसब गुरुत्वाकर्षणाशी बांधलेले आहे. गेममधल्या प्रत्येक ग्रहाचे वस्तुमान आणि त्रिज्या गणिताने ठरते आणि त्यांवरून पृष्ठभागावरची ओढ. नव्या चालकांची एक समजूत हमखास चुकीची असते. ओढ कमी म्हणजे गाडी हलकी, म्हणून ती आटोक्यात ठेवणे सोपे, असे त्यांना वाटते. वजन कमी होते हे खरे, पण वस्तुमान तेवढेच राहते. चाकांची जमिनीवरची पकड वजनावर अवलंबून असते आणि थांबायला लागणारा जोर वस्तुमानावर. सेकंदाला 20 मीटर वेगाने जाणारी गाडी 0.5 घर्षणगुणांकाच्या जमिनीवर पृथ्वीवर सुमारे 40 मीटरांत थांबेल. पृथ्वीच्या दहा टक्के ओढ असलेल्या ग्रहावर तिलाच सुमारे 400 मीटर लागतील. स्कॅरबचे वर्तन या सूत्राशी काटेकोर जुळते असे नाही, पण दिशा तीच आहे. अशा ग्रहांवर वळण आधीच घ्यावे लागते, उतारावर वेग वाढू देता येत नाही आणि एखाद्या दगडावर चाक चढले की गाडी कित्येक सेकंद हवेत तरंगते. तरंगत असताना तिचा तोल सावरता येतो, आणि गाडीच्या तळाशी असलेल्या इंजिनांचे झोतही मदतीला असतात. त्यांनी उडी मारता येते, पडणे सौम्य करता येते, खड्ड्यात अडकलेली गाडी बाहेर काढता येते. झोत वापरले की इंजिनाकडे वळवलेली ऊर्जा भराभर संपते. जहाजाप्रमाणेच इथेही ऊर्जा संरक्षक कवच, इंजिन आणि शस्त्रे यांत वाटून द्यावी लागते, आणि खडबडीत वाटेवर जाणता चालक ती इंजिनाकडे वळवून ठेवतो.

जास्त ओढीच्या ग्रहांवर चित्र उलटे होते. चाके जमीन घट्ट धरतात, गाडी आज्ञेत राहते, पण छोटा कडाही घातक ठरतो. अकेनार 3 हा ग्रह त्यासाठी खेळाडूंना चांगलाच परिचयाचा आहे. तिथली ओढ पृथ्वीच्या सुमारे 6.7 पट आहे. त्या ग्रहावर खरी परीक्षा असते ती जहाज उतरवण्याची.

‘ड्राइव्ह असिस्ट’ नावाची मदत चालू असली की गाडी ठरवून दिलेला वेग स्वतः राखते. बंद केली की पेडल आपल्या हाती येते. लांबच्या सपाट प्रवासाला पहिली पद्धत बरी, पण डोंगर चढताना दुसरीच हवी. बरेच जण ही मदत कायम चालू ठेवतात आणि मग स्कॅरब घसरते म्हणून तक्रार करतात.

शोध, खडक आणि इंधन

वाहनाचे सर्वांत मौलिक उपकरण म्हणजे लहरी स्कॅनर. तो नकाशावर ठिपका दाखवत नाही. समोरच्या पट्टीवर दिशा दाखवणाऱ्या धूसर रेघा उमटतात आणि त्यांसोबत आवाज येतो. उल्केचा आवाज वेगळा, कोसळलेल्या यानाचा वेगळा, मालाच्या पेटीचा वेगळा. जवळ जाताना रेघ अरुंद होत जाते. सरावलेला चालक पट्टीकडे फारसे पाहत नाही. त्याला कानांनीच कळते की पुढे धातूची उल्का आहे आणि वाट वाकडी करण्यात अर्थ आहे. ज्या गेममध्ये बाकी जवळजवळ सगळी माहिती तक्ते आणि चौकटींतून मिळते, तिथे ऐकण्यावर विसंबलेले हे साधन ठेवण्याची सूझ दाद देण्याजोगी आहे.

खडक सापडला की वाहनावरच्या तोफेने तो फोडायचा आणि उडालेले तुकडे समोरच्या झडपेत घ्यायचे. त्यांतून लोह, निकेल, कार्बन, जर्मेनियम अशी मूलद्रव्ये मिळतात आणि नशीब असेल तर यिट्रियम किंवा पोलोनियमसारखी दुर्मिळही. त्यांचा एक उपयोग लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या जिवाभावाचा आहे. योग्य मूलद्रव्ये मिसळून जहाजाच्या पुढच्या उडीचा (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा) पल्ला 25, 50 किंवा 100 टक्क्यांनी वाढवता येतो. आकाशगंगेच्या विरळ कडेला, जिथे ताऱ्यांमधली अंतरे जहाजाच्या पल्ल्यापलीकडे जातात, तिथे एखाद्या ग्रहावर आधी गाडीने केलेली वेचणीच पुढची वाट उघडते.

गाडीचे स्वतःचे इंधनही जमिनीतूनच येते. गंधक आणि स्फुरद हाताशी असले की ते जागेवर तयार करता येते. दोन्ही मूलद्रव्ये पुष्कळ ग्रहांवर सहज मिळतात, त्यामुळे जाणता चालक जहाजाशिवाय दिवसचे दिवस फिरू शकतो. भारतीय वाचकाला इथे चांद्रयान 3 आठवेल. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात ते उतरले. त्यातल्या प्रज्ञान या 26 किलोच्या, सहा चाकांच्या रोव्हरने जमिनीवर लेसरचे झोत मारले, त्यातून निघालेल्या प्लाझ्माचा प्रकाश तपासला आणि तिथे गंधक असल्याची खात्री केली. स्कॅरब सेकंदभरात खडक फोडून मूलद्रव्यांची यादी देते, तर प्रज्ञान सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर वेगाने सरकत होते. पण जमिनीजवळ जाऊन दगडालाच विचारायचे, ही रीत दोघांची एकच.

अवशेष आणि ओसाड जागा

जानेवारी 2016 मध्ये मेरोपे 5 सी या उपग्रहावर खेळाडूंना ‘बार्नेकल’ ही जमिनीतून उगवलेली परग्रहीय रचना सापडली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सिन्यूफे एक्सआर-एच डी11-102 या मंडळात ‘गार्डियन’ या परग्रहीय संस्कृतीचे पहिले भग्नावशेष मिळाले. अवशेषांचे कोडे वाहनाच्या मर्यादांवर रचलेले होते. तिथल्या दगडी स्तंभांतून माहिती वाचायची तर कलश, फलक, गोल अशा वस्तू वाहनात घेऊन समोर जावे लागे. काही स्तंभांना एक वस्तू लागे, काहींना दोन, आणि स्कॅरबची मालवाहू क्षमता तेव्हा दोन टनांचीच होती. एकूण 101 नोंदी उलगडायच्या होत्या. त्यासाठी खेळाडूंनी आपापल्या निरीक्षणांची देवाणघेवाण केली आणि कोणत्या स्तंभाला काय लागते याचे तक्ते बनवले. गार्डियनांच्या नंतरच्या जागांवर गोळी झाडून ऊर्जास्तंभ जागे करावे लागतात आणि त्या वेळी पहारेकरी यंत्रे क्षेपणास्त्रे सोडतात. त्या परिश्रमाच्या बदल्यात मिळणारे उडी वाढवणारे यंत्र पाचव्या श्रेणीत 10.5 प्रकाशवर्षांची भर घालते. शोधमोहिमेवर निघणारे बहुतेक खेळाडू ते मिळवल्याखेरीज निघत नाहीत.

‘डॅव्ह्ज होप’ ही ओसाड वसाहत आणि एचआयपी 12099 या मंडळातला कमांडर जेम्सनच्या (1984 च्या ‘एलिट’मधल्या वैमानिकाच्या) कोब्रा यानाचा सांगाडा या दोन जागा वेगळ्याच कारणाने गजबजल्या. तिथला माल गेममधून बाहेर पडून परत आले की पुन्हा उगवायचा. कित्येक खेळाडूंनी तीच फेरी पुन्हा पुन्हा मारून जहाजे सुधारण्याचे साहित्य साठवले. जेम्सनची जागा ही खरे तर एका दंतकथेचा शेवट आहे. तिला रोजंदारीचे ठिकाण करून टाकणारी साहित्यव्यवस्था हा गेमच्या रचनेतला ठळक दोष म्हणावा लागेल.

डिसेंबर 2018 च्या सुधारणेनंतर कक्षेतून प्रोब टाकून ग्रहाचा नकाशा करता येऊ लागला आणि भूगर्भीय व जैविक जागा आपोआप दिसू लागल्या. त्याआधी त्या डोळ्यांनी शोधाव्या लागत. काम सुकर झाले, पण लहरी स्कॅनर ऐकत भटकण्याचे प्रयोजनही बरेचसे ओसरले.

ओडिसीनंतर

19 मे 2021 रोजी आलेल्या ‘ओडिसी’ने खेळाडूला पायी चालू दिले आणि विरळ वातावरणाच्या ग्रहांवर उतरू दिले. सजीवांचे नमुने घेण्याचे काम पायीच करावे लागते. एका जातीचे तीन नमुने ठरावीक अंतरावरून घ्यायचे असतात, जिवाणूंच्या बाबतीत 500 मीटरवरून. मधले अंतर गाडीने कापता येते, पण बरेच जण लहान जहाजच जमिनीलगत उडवतात, कारण वरून वनस्पती चटकन दिसतात. स्कॅरबचे महत्त्व इथे घटले हे मान्य करावे लागते. डिसेंबर 2021 मध्ये वोडेल कंपनीची (ही गेममधली काल्पनिक कंपनी) ‘स्कॉर्पियन’ आली. ही लढाईसाठीची दोन आसनी गाडी असून तिच्यावर क्षेपणास्त्रेही आहेत. वसाहतींवरच्या चकमकींत तिचा उपयोग होतो, मात्र शोधकांनी स्कॅरब सोडले नाही.

खेळाडूंचे उपक्रम

गाडीचे काही सर्वांत सुंदर उपयोग तिच्या निर्मात्यांनी नेमून दिलेले नव्हते. खेळाडूंनी दऱ्यांतून शर्यती भरवल्या, उंच शिखरे गाठली आणि काहींनी अख्ख्या ग्रहाला गाडीने प्रदक्षिणा घातली. जानेवारी 2019 मध्ये निघालेल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स 2’ या मोहिमेत 13,000 हून अधिक खेळाडूंनी नाव नोंदवले. सूर्यापासून सुमारे 65,000 प्रकाशवर्षांवरच्या बीगल पॉइंटपर्यंतच्या वाटेवर ठरलेल्या ग्रहांवर तळ पडत, आणि तिथे जहाजे उभी करून लोक गाड्यांनी एकत्र फिरत. कक्षेत जहाजे एकमेकांपासून कित्येक किलोमीटर अंतर राखून असतात. जमिनीवर दिवे लावून रांगेत निघालेल्या गाड्यांत माणसे खरोखर सोबत असल्यासारखी वाटतात.

इतर गेममध्ये

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’मध्ये रोव्हर खेळाडूलाच सुटे भाग जोडून बनवावा लागतो. तो रॉकेटमध्ये कसा बसवायचा आणि दुसऱ्या गोलावर उलटा न पडता कसा उतरवायचा, हेच तिथले मुख्य आव्हान. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये 2016 साली वाहने नव्हती, ती मार्च 2017 च्या ‘पाथफाइंडर’ सुधारणेत आली. ‘स्टार सिटिझन’मध्ये माणसे वाहून नेणारी अर्सा आणि खाणकामाची आरओसी अशी कामागणिक वेगवेगळी वाहने आहेत. एलिटमध्ये मात्र इतक्या वर्षांत खाणकामाचे किंवा जड मालवाहतुकीचे वाहन आले नाही, आणि बार्नेकलमधून काढलेले मेटा-अलॉय (एक परग्रहीय मिश्रधातू) अजूनही स्कॅरबने थोडेथोडे करून फेऱ्यांत जहाजापर्यंत आणावे लागते.