दुर्बिणीची तारीख पुढे ढकलण्याआधी

लघवी एकदा लाल होते आणि माणूस हादरतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नेहमीसारखी पिवळी होते, मग हादराही ओसरतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, उन्हाळी लागली असेल. सब्जा, धन्याचं पाणी, नारळपाणी सुरू होतं आणि विषय मिटतो. पण उन्हाळी लागली की जळजळ होते, थेंब थेंब होते, दर दहा मिनिटांनी उठावं लागतं. काहीही न दुखता, न जळता लघवीतून रक्त जातं तेव्हा प्रकरण वेगळं असू शकतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, त्यातही बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला असं एकदा जरी झालं तरी मूत्ररोगतज्ज्ञ 'सिस्टोस्कोपी करून घेऊ' म्हणतात. म्हणजे लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लघवीची पिशवी, मूत्राशय, आतून पाहायची. (आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल किंवा टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही सांगावं. या दोन्हींनी लघवीला लालसर, नारिंगी रंग येतो आणि त्यात रक्त नसतं. साध्या लघवी तपासणीत फरक कळतो.)

सिस्टोस्कोपीचं नाव निघालं की रुग्ण पहिल्यांदा विचारतो, 'सोनोग्राफी झालीय ना? तिच्यात तर काही निघालं नाही.' प्रश्न रास्त आहे. सोनोग्राफी ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून आकार दाखवते. खडा, मोठी गाठ, वाढलेलं प्रोस्टेट (पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी), लघवी करूनही पिशवीत किती उरते, हे सगळं ती चांगलं सांगते. पण रंग तिला कळत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो. त्याला उंचवटा नसतो, दिसतो तो फक्त लालसर, मखमली चट्टा. तो सोनोग्राफीत उमटत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा कोंबही निसटू शकतो. म्हणून सोनोग्राफी स्वच्छ आहे एवढ्यावर दुर्बीण टाळता येत नाही.

या तपासणीची भीती बरीचशी जुन्या गोष्टींमधून आलेली असते. कुणाच्या तरी काकांना 'सळई घातली होती', ते दोन दिवस कण्हत होते वगैरे. त्या गोष्टी खोट्या नाहीत, त्या काळातल्या आहेत. शरीराच्या आत उजेड कसा न्यायचा, हाच या उपकरणापुढचा मूळ प्रश्न होता. 1806 साली फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरने मेणबत्ती आणि आरसा वापरून एक नळी बनवली. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेने ती बाजूला सारली. पुढे माक्सिमिलियन निट्झे या जर्मन डॉक्टरने व्हिएन्नाच्या योझेफ लायटर या उपकरणकाराच्या मदतीने 1879 साली खऱ्या अर्थाने चालणारी मूत्राशयाची दुर्बीण सादर केली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापवून उजेड पाडत आणि आत भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवत. एडिसनचा दिवा नुकताच निघत होता. तो छोटा होऊन दुर्बिणीत बसला तेव्हा ती पाण्याची कटकट गेली.

वाकणाऱ्या दुर्बिणीची वाट मात्र काचेच्या तंतूंनी मोकळी केली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं हे दाखवलं. त्यांचा निबंध 1954 साली 'नेचर'मध्ये आला. आजच्या बऱ्याच दुर्बिणींमध्ये काचतंतूंऐवजी टोकालाच कॅमेऱ्याची चिप असते आणि चित्र समोरच्या पडद्यावर दिसतं.

आज दुर्बिणी दोन जातींच्या आहेत. ताठ दुर्बीण धातूची असते. तिच्यातून अवजारं घालून गाठ खरवडता येते, खडा फोडता येतो. पुरुषांमध्ये ती बहुधा कमरेखाली किंवा पूर्ण भूल देऊन वापरतात. लवचीक दुर्बीण मऊ असते, टोक हवं तसं वळतं आणि ती नुसत्या जेलीवर, बाह्यरुग्ण विभागातच होते. जाडी मोजायचं माप 'फ्रेंच' म्हणून ओळखलं जातं, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. लवचीक दुर्बीण साधारण 16 फ्रेंचची, म्हणजे पाच मिलिमीटरहून थोडी जास्त. ती जाते तो मार्ग स्त्रियांमध्ये जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे त्यांना ताठ दुर्बीणही अनेकदा जेलीवरच सोसते. पुरुषांचा मार्ग 18 ते 20 सेंटिमीटर लांब, वळणांचा, वर प्रोस्टेटच्या मधून जाणारा. भीती पुरुषांना जास्त वाटते, त्याला हे कारण आहे.

तुम्हाला कमरेत इंजेक्शन देऊन तपासणी करणार असं सांगितलं असेल तर 'लवचीक दुर्बिणीने होणार नाही का?' हे जरूर विचारा. काही वेळा भुलेला पक्कं कारण असतं: सोनोग्राफीत गाठ दिसलेली असते आणि ती त्याच बैठकीत काढायची असते. काही वेळा कारण एवढंच असतं की त्या दवाखान्यात लवचीक दुर्बीण नाही. उत्तर काहीही असो, खर्च आणि मुक्काम दोन्ही त्यावर ठरतात, तेव्हा ते आधी कळलेलं बरं.

प्रत्यक्षात काय होतं? तुम्हाला झोपवून कमरेखाली निर्जंतुक हिरवं कापड टाकतात, हवा तेवढाच भाग उघडा राहतो. स्त्रियांनी सोबत नर्स असावी असं सांगायला बिलकूल संकोचू नये. मग मूत्रमार्गात लिग्नोकेनची जेली सोडतात. ती गार लागते, किंचित चुरचुरते. बधिरपणा यायला पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात. ही मिनिटं घाईच्या ओपीडीत खाल्ली जातात, आणि मग 'जेली लावूनही दुखलं' अशी तक्रार होते. 'थोडं थांबूया का डॉक्टर?' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

दुर्बीण पुढे सरकताना खरी अडचणीची जागा एकच, लघवी रोखून धरणारा स्नायू. माणूस घाबरला की नेमका तोच आवळतो. इथे डॉक्टर सांगतात, लांब श्वास घ्या, लघवी करताय असं मनात आणा, पायाची बोटं हलवा. हे मन रमवण्यापुरतं नाही, लघवी करताना तो स्नायू सैल पडतो आणि दुर्बीण निसटून आत जाते. या क्षणी सहायकाने दुर्बिणीला जोडलेली सलाईनची पिशवी दाबली तर पाण्याच्या धारेने वाट उघडते आणि पुरुषांना दुखणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. पडदा रुग्णाकडे वळवून ठेवला तर अनेक पुरुषांना त्रास कमी जाणवतो, हेही. पडदा मागून घ्या.

पडद्यावर पिशवी हळूहळू पाण्याने उघडते. तिचं अस्तर फिकट गुलाबी असतं आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. दुर्बिणीबरोबर हवेचा एखादा बुडबुडा आत शिरतो आणि वर जाऊन चिकटतो. झोपलेल्या माणसात पिशवीचं छत कुठे, ते डॉक्टरांना त्या बुडबुड्यावरून कळतं. खालच्या बाजूला एक त्रिकोणी भाग, त्याच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक फटी. एवढ्या फटींकडे कुणी टक लावून का बघतंय असं वाटतं, तेवढ्यात एक फट उघडते, लघवीची छोटीशी पिचकारी सुटते आणि फट मिटते. काही सेकंदांनी दुसरी. मूत्रपिंडातून लघवी अशी हप्त्याहप्त्याने येते. एका फटीतून लाल पिचकारी आली तर रक्त त्या बाजूच्या मूत्रपिंडाकडून येतंय हे तिथल्या तिथे ठरतं. जुन्या टीबीत पिशवी आक्रसलेली आणि हीच फट आ वासलेली दिसते. वर्षानुवर्षं प्रोस्टेटशी झुंजलेल्या पिशवीच्या भिंतीवर स्नायूंचे पट्टे खाटेच्या विणीसारखे उठून आलेले असतात.

पाणी भरलं की जोराची लागते. 'इथेच होईल' ही लाज जवळजवळ प्रत्येकाला वाटते. थोडं पाणी बाहेर येतंच आणि त्याची सोय केलेली असते. नुसतं पाहायचं असेल तर सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं.

तयारीत लोकांची सर्वांत मोठी गफलत पाण्याची होते. सोनोग्राफीला पिशवी तुडुंब लागते, त्या सवयीने रुग्ण दोन बाटल्या पिऊन येतात. इथे उलट आहे, आत जाण्याआधी लघवी करून पिशवी रिकामी करायची. नुसत्या जेलीवर होणार असेल तर उपाशी राहायची गरज नसते, भूल असेल तर असते, आणि मग मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं त्या सकाळी काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलून आधी तो बरा करतात, नाहीतर जंतू रक्तात जाऊ शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची कृत्रिम झडप असेल, कशाची ॲलर्जी असेल तर ते न विचारताही सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. नुसतं पाहण्यासाठी ती बहुधा थांबवावीही लागत नाही, आणि हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ती परस्पर सोडणं जिवावर बेतू शकतं. संमतीपत्रात 'गरज पडल्यास बायोप्सी' किंवा 'गाठ काढणे' लिहिलंय का, ते सही करण्याआधी वाचा. हा कागद ऑपरेशन थिएटरच्या दारात पुढे करायची पद्धत मला मुळीच पटत नाही, तो आदल्या दिवशी हातात मिळायला हवा.

धुराचा आणि लघवीच्या पिशवीचा काय संबंध, असं बिडी ओढणारे विचारतात. धुरातली विषारी रसायनं फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकतं आणि ती लघवी पुढचे काही तास पिशवीत अस्तराला लागून राहते. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपानच. याआधी बोट रंगाच्या कारखान्यांकडे गेलं होतं: 1895 साली फ्रँकफर्टच्याच लुडविग रेन या शल्यविशारदाने फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी नोंदवल्या होत्या. हा कर्करोग काढल्यावर पुन्हा उगवण्यात वस्ताद आहे. म्हणून गाठ काढल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण, आणि पुढे वर्षानुवर्षं ठरल्या अंतराने. रुग्ण गळतात ते इथे. काही त्रास नाही, मग कशाला? लहान असताना सापडलेली गाठ बहुधा दुर्बिणीतूनच खरवडून निघते. भिंतीच्या स्नायूत शिरलेल्या गाठीसाठी कधी कधी अख्खी पिशवीच काढावी लागते.

दुसरी गळती मूतखड्याच्या रुग्णांची. खड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडातून पिशवीत येणाऱ्या मूत्रवाहिनीत 'डीजे स्टेंट' नावाची, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी ठेवतात. ती काही आठवड्यांत दुर्बिणीने काढायची असते, दहा मिनिटांचं काम. पण कळ थांबलेली असते, बिल भरून झालेलं असतं, आणि दुर्बिणीची धास्ती असते. नळी आत राहते. तिच्यावर लघवीतले क्षार बसत जातात आणि काही महिन्यांत दोन्ही टोकांना नवे खडे धरतात. मग ती ओढून निघत नाही, एकाहून जास्त ऑपरेशनं लागतात, कधी मूत्रपिंडच निकामी झालेलं असतं. घरात कुणाचं खड्याचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर 'स्टेंट' हा शब्द आहे का ते आज पाहा, आणि काढायची तारीख मोबाईलमध्ये टाका. रुग्णाच्या नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये.

तपासणीनंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, रंग गुलाबीसर असतो, बायोप्सी घेतली असेल तर जरा जास्त लाल. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर बंधन नसेल तर भरपूर पाणी प्यावं. प्रतिजैविक प्रत्येकाला लागत नाही, मेडिकलमधून परस्पर आणू नये. पण थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, किंवा जोराची लागूनही होत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ओपीडी उघडायची वाट पाहायची नाही. तडक कॅज्युअल्टी गाठायची आणि कालचा कागद सोबत न्यायचा, तिथल्या डॉक्टरांना आत काय केलं गेलं हे त्यावरूनच कळतं.