पीआयडी, क्लॅमिडिया आणि विद्यार्थिनींची तपासणी : पार्श्वभूमी

फार पूर्वी ओटीपोटातला संसर्ग, म्हणजे गर्भाशय आणि गर्भनलिकांना होणारा पीआयडी, म्हटलं की डॉक्टरांना आधी परमा (गोनोरिया) आठवे, नाहीतर बाळंतपण किंवा गर्भपातानंतरची लागण. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. १९७० च्या दशकात क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूचा वाटा लक्षात येऊ लागला आणि कॉलेजच्या वयातल्या मुली या चर्चेच्या मध्यभागी आल्या. हा जंतू बहुतेकींना काहीच त्रास देत नाही. पांढरं जाणं किंवा मधेच रक्तस्राव झालाच, तरी तो ‘नेहमीचाच’ म्हणून अंगावर काढला जातो.

दुखण्याची किंमत स्वीडनमधल्या दीर्घ पाठपुराव्याने दाखवली. दुर्बिणीतून निदान पक्कं झालेल्या स्त्रियांमध्ये एकदा पीआयडी झाल्यावर साधारण ८ टक्के, दोनदा झाल्यावर २० टक्के आणि तीनदा झाल्यावर ४० टक्के जणींना गर्भनलिका खराब होऊन वंध्यत्व आलं.

मग लक्षणं नसतानाच सगळ्यांची तपासणी का करू नये? सिअ‍ॅटलमध्ये झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना तपासणीसाठी बोलावल्यावर पीआयडीचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. इंग्लंडमध्ये २००३ पासून २५ वर्षांखालच्या तरुण-तरुणींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

खरा वाद पेटला तो २०१० मध्ये, लंडनमधल्या चाचणीचे निकाल आल्यावर. वीस विद्यापीठं आणि कॉलेजांमधल्या २,५२९ विद्यार्थिनींनी स्वतःच स्वॅब (योनीतून कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) घेऊन दिले. निम्म्या मुलींचे नमुने लगेच तपासले, उरलेल्यांचे वर्षभराने. नमुना वर्षभर पडून राहू शकतो हे मुलींना आधी सांगितलं होतं, आणि धोका वाटत असेल तर बाहेर तपासून घ्या असंही. तरीही लागण झालेली मुलगी उपचाराविना राहणार हे ठाऊक असताना थांबणं योग्य होतं का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

वर्षभरात, नमुने लगेच तपासलेल्या गटात १.३ टक्के आणि उशिरा तपासलेल्या गटात १.९ टक्के मुलींना पीआयडी झाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. तपासणीच्या बाजूचे लोक दुसरा आकडा दाखवतात : सुरुवातीला क्लॅमिडिया असूनही नमुना लगेच न तपासलेल्या ७४ मुलींपैकी सात जणींना पीआयडी झाला, तर तपासून लागण कळलेल्या ६३ पैकी एकीलाच. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा तिसराच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पीआयडी झालेल्या एकूण ३८ पैकी ३० मुलींमध्ये सुरुवातीच्या नमुन्यात क्लॅमिडिया नव्हताच. काहींना लागण नंतर झाली असणार, काहींचं कारण दुसरे जंतू असणार. प्रवेशाच्या वेळी एकदा स्वॅब दिला आणि अहवाल निगेटिव्ह आला, म्हणजे वर्षभर निर्धास्त, असा समज करून देणारी जनजागृती म्हणूनच अपुरी ठरते. नवा जोडीदार आला की पुन्हा तपासणी आणि कंडोम, हे तिच्यात आलंच पाहिजे.

२०२१ मध्ये इंग्लंडने दिशा बदलली. लक्षणं नसलेल्या तरुण पुरुषांना आपणहून तपासणी सुचवणं थांबलं. भर आता स्त्रियांना होणारं नुकसान टाळण्यावर आहे. उद्देश समजतो, पण तपासणीचा भार यामुळे मुलींवरच येतो.

दरम्यान निदानाचा उंबरठा मुद्दाम खाली आणला गेला आहे. तरुण, लैंगिकदृष्ट्या सक्रिय मुलीच्या ओटीपोटात दुखत असेल, दुसरं कारण सापडत नसेल आणि आतून तपासताना गर्भाशय, गर्भाशयमुख किंवा नलिकांच्या बाजूला दुखत असेल, तर जंतूंच्या अहवालासाठी न थांबता १४ दिवसांची प्रतिजैविकं सुरू करावीत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. क्लॅमिडियाचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून हा कोर्स मधेच सोडायचा नसतो. त्रास सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांतल्या जोडीदारांनाही तपासणी आणि उपचार लागतात.