पैसा बाईच्याच हातात का? देणगीदारांच्या एका युक्तिवादाची पार्श्वभूमी

महिलांच्या सक्षमीकरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी का देता, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकाच वळणाचं असतं. बाईच्या हातात पैसा गेला की तो घरात येतो, पोराबाळांच्या तोंडी लागतो; पुरुषाच्या हातातला कुठे जाईल, भरवसा नाही. हे उत्तर इतकं अंगवळणी पडलंय, की ते पूर्वापार चालत आलं असावं असं वाटतं. देणगीदारांमध्ये ते रुळलं मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत.

आधीची देणगी उद्धारासाठी असे. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘वाट चुकलेल्या’ बायकांसाठी आश्रम निघाले. आतल्या बायका दिवसभर परक्यांचे कपडे धुवायच्या आणि कमाई आश्रमाच्या खात्यात जायची. आयर्लंडमधलं असं शेवटचं धुलाईघर १९९६ साली बंद झालं. सरकारच्या माफीला २०१३ उजाडलं.

पैसा नेमका कोणाच्या हातात द्यायचा, हा वाद मात्र देणगीतून नव्हे, सरकारी भत्त्यातून सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९४५ साली मुलांसाठीच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा मसुद्यात रक्कम बापाला मिळणार होती. संसदेत त्यावरून बरीच खडाजंगी झाली आणि ती आईला द्यायचं ठरलं. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बापाच्या पगारातली करसवलत काढून तो पैसाही आईकडे वळवण्यात आला. अभ्यासकांनी नंतर घरखर्चाचे आकडे तपासले, तर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. १९९७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विकासाच्या क्षेत्रात अजून उगाळला जातो. त्याच वर्षी मेक्सिकोने गरीब कुटुंबांना रोख मदत सुरू केली, तीही आईच्या नावाने. मुलांची शाळेतली हजेरी आणि दवाखान्यातली तपासणी या तिच्या अटी. त्या पाळण्याची धावपळ अर्थातच आईच्याच गळ्यात पडली.

देणगीदारांपर्यंत हा विचार पोहोचवला तो लघुकर्जाने. बांगलादेशात १९७६ साली सुरू झालेल्या प्रयोगात आधी पुरुष कर्जदारही बऱ्यापैकी होते; पुढे बायकांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. बायका गरजू होत्या हे एक कारण होतंच. पण त्या हप्ते चुकवत नाहीत, आठवड्याच्या बैठकीला येतात, गटातल्या चौघींसमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून उसनंपासनं करून हप्ता भरतात, हेही कारण तितकंच वजनदार होतं. वसुलीच्या सोयीचा हा निर्णय अहवालात मात्र सक्षमीकरण म्हणून छापला गेला, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. १९९६ साली बांगलादेशातल्याच कर्जदार बायकांवरचा एक अभ्यास आला. कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या धंद्यात आणि परतफेडीची जबाबदारी पुन्हा बाईवर, असा प्रकार त्यात मोठ्या प्रमाणावर आढळला. तरीही २००६ साली या प्रयोगाला शांततेचं नोबेल मिळालं आणि देणग्यांचा ओघ वाढला. चारच वर्षांनी आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला वसुलीवर लगाम घालणारा अध्यादेश काढावा लागला. २०१५ साली सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. लघुकर्जाने थोडाफार फायदा होतो, आयुष्य पालटत नाही, असा त्यांचा सूर होता.

अहमदाबादेत १९७४ साली असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी बायकांनी प्रत्येकी १० रुपये भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली, ती गोष्ट वेगळी. सही येत नाही म्हणून खातं अडू नये, यासाठी तिथे ओळखीला खातेदाराचा फोटो लावण्याची पद्धत निघाली. मालक त्याच, खातेदारही त्याच. देणगीच्या आवाहनांत अशी उदाहरणं कमी दिसतात, कारण तिथे देणाऱ्याला फारसं काम उरत नाही.

हक्कांची भाषा याला समांतर चालू होती. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, १९७९ चा भेदभावविरोधी करार, १९९५ ची बीजिंग परिषद हे टप्पे वाचकांना ठाऊक आहेत. पण मालमत्तेतला वाटा, घरातली मारहाण, कोर्टकचेरी यांसाठी पैसे मागणं अवघड. शिलाई मशीनचा फोटो छापता येतो, वारसाहक्काच्या खटल्याची सातवी तारीख छापता येत नाही. मग आकडे पुढे केले जातात. जगातल्या गरिबांत ७० टक्के बायका आहेत, बाई कमाईतले ९० टक्के घरात घालते, अशी वाक्यं वर्षानुवर्षं पत्रकांतून फिरताहेत. दोन्ही आकड्यांच्या मुळाशी जायचा प्रयत्न झाला, तेव्हा हाती भक्कम आधार लागला नाही. पत्रकांतून ते गेलेले नाहीत.

अलीकडे वाद देण्याच्या पद्धतीवर सरकलाय. २०२० पासून एका धनाढ्य महिलेने शेकडो संस्थांना मोठ्या रकमा दिल्या, त्यांत महिलांसाठी काम करणाऱ्याही होत्या. पैसा कशावर खर्च करायचा, याची अट तिने घातली नाही. कित्येक देणगीदारांना अशी मोकळीक अजून पटत नाही. त्यांना मशीन किती वाटली आणि कर्ज किती फिटलं, हे वर्षअखेरीला कागदावर हवं असतं. मशीनवर शिवलेल्या कपड्यांचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हा रकाना त्या कागदात सहसा नसतो.