आयसीयूतल्या पेशंटचं लोह : रिपोर्ट हातात पडल्यावर

"हिमोग्लोबिन ८ आणि फेरिटिन ६४०? मग लोह कमी की जास्त?" आयसीयूतल्या पेशंटचे नातेवाईक आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

फेरिटिनवरून लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. पण अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली, की साठा बेताचा असूनही ते वाढतं. अशा वेळी यकृत हेपसिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं आणि ते कोठीला कुलूप घालतं : आतड्यातून लोह रक्तात येत नाही, पेशींत साठलेलंही बाहेर पडत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर ते असं राखून ठेवतं. नवं रक्त तयार व्हायचं मात्र अडतं. म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, त्याची) ओळही डॉक्टरांना दाखवा. ते २० टक्क्यांच्या खाली असेल, तर साठा दिसत असूनही हाडांतल्या मज्जेला लोह कमी पडत असण्याची शक्यता असते.

त्यात रोजच्या तपासण्या. निरोगी माणसाच्या २ मिली रक्तात साधारण १ मिलीग्रॅम लोह असतं आणि अन्नातून दिवसाला अंगी लागतं तेही १-२ मिलीग्रॅमच. रोज ३०-४० मिली रक्त काढलं, तर भरून येणार कुठून? रक्त घ्यायचे, लहान मुलांसाठीचे छोटे बल्ब (नळ्या) बहुतेक तपासण्यांना पुरतात. सिस्टरना जरूर विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. आजार जोरात असताना त्या फारशा लागू पडत नाहीत, पोट मात्र बिघडतं. शिरेतून लोह देता येतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १४० आयसीयू पेशंटवर झालेल्या अभ्यासात (२०१६) त्याने रक्त चढवण्याची गरज फारशी कमी झाली नाही. पण घरी जाताना हिमोग्लोबिन १० ऐवजी १०.७ होतं. फायदा आहे, पण बेताचा. जंतुसंसर्ग आटोक्यात नसेल तर डॉक्टर सहसा थांबतात. रक्ताची पिशवीही बहुधा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच लावतात. हृदयविकार असेल तर निर्णय वेगळा.

घरी आल्यावर पुन्हा तपासायला याल, तेव्हा सीआरपी ही अंगातली सूज दाखवणारी तपासणीही सोबत करून घ्या. लोहाचं इंजेक्शन झालं असेल तर त्याची तारीख काउंटरवर सांगा. त्यानंतर निदान चार आठवडे फेरिटिन फुगलेलं येतं, तोवर तपासणीचे पैसे घालवू नका.