तिवराच्या मुळांवरचं लाल शैवाल

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी गेलात, तर तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दिसतात. त्यांवर काळपट जांभळी लव असते. चिखलच सुकून चिकटलाय असं वाटतं, पण हातात भिंग असेल तर नाजूक फांद्या दिसू लागतात. हे लाल शैवाल आहे.

लाल म्हणावं तर ते लाल दिसत नाही, आणि नवख्याची गफलत इथेच होते. या गटाचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्यात हरितद्रव्य आणि निळं फायकोसायनिन मिसळलं की जांभळा, तपकिरी, अगदी काळाही रंग होतो. शंका असेल तर चिमूटभर शैवाल कढत पाण्यात टाकून पाहा. लाल-निळी रंगद्रव्यं उष्णतेने मोडतात आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो.

म्हणून मी रंगाआधी जागा बघायला सांगेन. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर जेलिडियम, हिप्निया, ग्रॅसिलॅरिया अशी लाल शैवालं भेटतात. खाडीतल्या खारफुटीच्या मुळांवरची मंडळी वेगळी, आणि ती मोजकीच: मुख्यतः बोस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा आणि कॅटेनेला. जगभरच्या उष्ण खाड्यांमध्ये हे सोबती एकत्र आढळतात. एरिका पोस्ट या जर्मन अभ्यासिकेने 1936 साली त्यांच्यावर 'बोस्ट्रिकिया-कॅलोग्लोसा समूह' म्हणून सविस्तर लिहिलं.

तिघांना वेगळं करणं भिंगाने जमतं. कॅलोग्लोसा चपटं आणि पातळ असतं. पात्याच्या मधोमध शीर, शिरेच्या दोन्ही बाजूंना पेशींचा एकच थर. ते दुभागत वाढतं, जागोजागी आवळलेलं असतं आणि त्या सांध्यांतून बारीक तंतू निघून मुळाला धरून ठेवतात. कॅटेनेला जाडसर, त्याचे फुगीर तुकडे ओवलेल्या मण्यांसारखे एकापुढे एक. बोस्ट्रिकिया तिघांत सर्वांत बारीक. त्याच्या फांद्यांची टोकं बहुधा आत वळलेली असतात, आणि ही खूण एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही.

या जागेवर टिकणं सोपं नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत उंचावरच्या मुळांपर्यंत भरतीचं पाणी धड पोचत नाही, वर उन्हाचा ताप. पावसाळ्यात तीच खाडी जवळपास गोडी होते. पाण्यातलं मीठ असं वरखाली होताना पेशींतलं पाणी सांभाळायला ही शैवालं शर्करा-अल्कोहोल साठवतात: बोस्ट्रिकियात सॉर्बिटॉल आणि डल्सिटॉल, कॅलोग्लोसात मॅनिटॉल. मला या इवल्या वनस्पतींचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते याचंच.

भिंगाने प्रजातीपर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत पोचलात की तिथेच थांबा; पुढची जाती ठरवायला जाऊ नका. कॅलोग्लोसा लेप्रियुरी ही जाती फ्रेंच गयानातल्या नमुन्यांवरून 1840 मध्ये वर्णिली गेली आणि पुढे कितीतरी देशांतल्या नमुन्यांना तेच नाव मिळत गेलं. डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. तेव्हा वहीत 'कॅलोग्लोसा' एवढंच लिहावं. सोबत झाड कोणतं, चिखलापासून उंची किती, सावली होती का, पाणी किती खारं, हेही टिपावं. नमुना नखाने अलगद खरवडून त्याच खाडीच्या पाण्यात ठेवावा. श्वसनमूळ मात्र तोडू नये, झाड त्यातूनच श्वास घेतं.