विझलेल्या निऑन पाटीत काय शिल्लक असते?

एखाद्या व्यवसायाची जुनी निऑन पाटी विझली, की तिच्या काचनळ्या उतरवून तेथे एलईडीच्या पट्ट्या लावाव्यात असा सल्ला लगेच मिळतो. नळ्या खरोखर निकामी झाल्या आहेत का, हे तोपर्यंत पुष्कळदा कोणी तपासलेलेही नसते. निऑनच्या नळीत तापून तुटणारी तार नसते. दोन टोकांना वीज आत नेणारे धातूचे इलेक्ट्रोड आणि मधे अतिशय विरळ वायू, एवढेच तिचे अंतरंग. काच अभंग आणि टोकांचे सांधे हवाबंद राहिले, तर ती अनेक दशके प्रकाश देऊ शकते, आणि बिघाड बऱ्याच वेळा ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा तडकलेल्या तारांच्या आवरणात निघतो.

विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या निऑन वायूचे दिवे जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात मांडले. नळीतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकाच असतो. काही हजार व्होल्टचा विद्युत दाब दिला, की वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात आणि उत्तेजित झालेले अणू मूळ स्थितीत येताना ती ओळखीची तांबूस-नारिंगी प्रभा बाहेर टाकतात. निळ्या आणि इतर अनेक रंगांसाठी मात्र आर्गॉन आणि थोडा पारा वापरतात. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण काचेच्या आतल्या फॉस्फरच्या (अतिनील किरणांनी उजळणाऱ्या भुकटीच्या) लेपावर पडून हवा तो रंग उमटतो. म्हणून जुनी नळी हाताळण्याआधी तीत कोणता वायू आहे हे ओळखावे लागते, कारण पाऱ्याची नळी फुटली तर विषारी वाफ पसरते.

वायू शाबूत आहे का, हे नळी न उघडता कळते. उच्च वारंवारतेचे ठिणगी-यंत्र नळीजवळ नेले असता ती आतून एकसारखी उजळली, तर वायू बहुधा ठीक आहे. काहीच उजळले नाही, तर हवा आत शिरली असण्याची शक्यता मोठी.

ट्रान्सफॉर्मरकडे विशेष लक्ष द्यायला हवे. विरळ वायूतून प्रवाह वाहू लागला की त्याचा विरोध कमी होत जातो, त्यामुळे साध्या ट्रान्सफॉर्मरवर प्रवाह अनावर वाढला असता. निऑनसाठीच्या ट्रान्सफॉर्मरची रचनाच अशी असते, की प्रवाह ३० किंवा ६० मिलिअँपिअरच्या आसपास रोखला जातो. आकडा लहान दिसला तरी १५,००० व्होल्टपर्यंतच्या दाबाखाली तो जीव घेऊ शकतो, त्यामुळे हे काम प्रशिक्षित हातांकडेच द्यावे.

नळी फुटलीच असेल, तर कारागीर अक्षरांचा पूर्ण आकाराचा उलटा आराखडा काढून, ज्योतीवर मऊ केलेली काच त्यावर वाकवतो, आणि वळणावर ती चपटी होऊ नये म्हणून रबरी नळीतून हळू फुंकर घालत राहतो. माझ्या मते या कलेचे सर्वांत अवघड अंग हेच आहे. त्यानंतर नळी निर्वात पंपाला जोडून तीतून मोठा प्रवाह सोडतात. काच २०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, काचेला आणि इलेक्ट्रोडला चिकटलेली अशुद्धी सुटते आणि पंप ती ओढून घेतो. ही पायरी घाईने उरकली, तर नंतर भरलेला वायू दूषित होऊन रंग लवकर फिका पडतो.

पाटीच्या पत्र्याच्या पेटीवर काचेच्या मुलाम्याचे इनॅमल असेल, तर तो खरवडून नवा रंग देणे मला अक्षम्य वाटते. गंज थांबवून फक्त उडालेल्या टवक्यांपुरता रंग भरावा. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणेही टाळावे. एखादे आधीचे, पुसट झालेले नाव खालून डोकावत असेल, तर तेही तसेच राहू द्यावे.

पाऱ्याची नवी नळी पहिल्यांदा लावल्यावर मंद आणि जागोजागी फिकी दिसली, तर लगेच दोष काढू नये. पाऱ्याची वाफ नळीभर पसरायला वेळ लागतो, आणि ती पसरत जाते तसतसा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरत जातो.